कापलेला श्वास

दातांच्या डॉक्टरनं मास्तरांच्या वरच्या दोन पुढच्या दातांना बोट लावलं आणि दावणीची मेख हलवून बघावी तसे ते हलवून दाखवले.

"हे दोन राहत नाहीत आता. हिरडीनंच सोडलंय."

"किती चालतील?"

"दुखणं सोसवेल तोवर. मग काढा आणि कवळी बसवा. जग बसवतंय."

जगाचं ठीक आहे. जगाचे दात गेले तर जग मऊ खातं आणि तोंडापुढे हात धरून हसतं. क्लॅरिनेटवाल्याचं तसं नसतं. त्या काळ्या नळीचं तोंड टेकतं ते वरच्या पुढच्या दातांवरच. तिथं हललं की सूर हलला. कवळीवर वाजवणारा एक माणूस मास्तरांनी उमेदीच्या काळात पाहिला होता. भर वरातीत त्याची कवळी वाद्यासकट बाहेर आली, आणि पुढची सगळी वरात लोक नवरदेवाकडे न बघता त्याच्याकडे बघत चालले. मास्तर तेव्हा पोट धरून हसले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पाच जणांचा बँड, त्याचे मास्तर. लग्न असो, मयत असो, दुकानाचं उद्घाटन असो, पुढे मास्तरांची क्लॅरिनेट आणि मागे बाकीचे. डाव्या अंगाला सख्खा धाकटा भाऊ. तो ताशा वाजवायचा, गिऱ्हाइकाशी बोलणीही तोच करायचा, आणि सगळे त्याला धाकटाच म्हणत, पन्नाशी उलटली तरी. उजवीकडे भोंगा. हा ट्रंपेटवाला, अंगानं पिंपासारखा, डोळे मिटून वाजवायचा. मागे मोठा ढोल आणि झांजा, ते दोघे एकमेकांचे साडू. बायकांच्या भांडणामुळे साडू आपसात बोलत नसत, पण वाजवताना एकाचा हात उठला की दुसऱ्याचा पडायचाच.

दातांची बातमी ऐकून धाकट्यानं ताशाच्या काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "दादा, दुसरा एखादा क्लॅरिनेटवाला बघून ठेवू का?"

वाक्य साधं होतं, पण मास्तरांना त्यातलं पुढचं सगळं दिसलं. बँडमध्ये पुढे जो उभा राहतो त्याचा बँड. दुसरा आला की आज ना उद्या तोच मास्तर, आणि आपण दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'काय कसं काय' विचारायचं. तीस वर्षं ज्या जागेवर उभे राहिलो ती जागा दोन दातांपायी सोडायची?

"कुणी बघायचा नाही," मास्तर म्हणाले. "दात आहेत तोवर सगळी गाणी वाजवून भरून ठेवतो. मग स्पीकरच्या पेटीतून माझी क्लॅरिनेट लावा आणि तुम्ही मागून वाजवा. मी तिथंच उभा असेन."

"भरणार कशात?"

"कंप्युटरात."

घरात कंप्युटर होता. मास्तरांच्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या पाठच्या भावानं, आपल्या ऑफिसातून भंगारात निघालेला ताईकडे आणून ठेवला होता. त्याच्यावर जुन्या चादरीचं कापड आणि कापडावर इस्त्रीचे कपडे, एवढाच त्याचा उपयोग. मेहुणा ऑफिसात कंप्युटरवर काम करायचा. म्हणजे काम कंप्युटर करायचा, हा बसायचा. पण घरात वासरांतली लंगडी शहाणी गाय तोच, म्हणून रविवारी सकाळी त्याला बोलावलं. धाकटाही आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"दाजी, सॉफ्टवेअर म्हणजे हत्यार," मेहुण्यानं खुर्ची ओढली. "आधी सांगा, घर झाडायचंय का बांधायचंय? झाडायचं वेगळं, बांधायचं वेगळं."

"फुकट कुठलं आहे ते दाखव."

"फुकट ढीगभर आहेत. तिथंच तर गोची आहे."

आणि खरंच गोची होती. पहिलं उतरवून घेतलं ते दिसायला झकपक. मेहुण्यानं तोंडानं शिटी मारली, ती त्यात भरली, परत लावून दाखवली. शिटीच्या मध्येच एक बाई गोड आवाजात कंपनीचं नाव सांगून गेली.

"ही कोण?" मास्तरांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पैसे भरले की जाते ती, ताई."

"मयतीत वाजवाल तेव्हा बोलू दे तिला मध्येच. रडणाऱ्यांना जरा विसावा."

दुसऱ्यात बाई नव्हती. सगळं चालायचं, कापायचं, जोडायचं, आवाज वरखाली करायचं. फक्त केलेलं काम जपून ठेवायचं बटण दाबलं की पैसे मागायचं.

"म्हणजे ताटात वाढायचं आणि गिळायला बंदी," बायको हात पुसत बाहेर आली. "धर्माची गाय आणि दात का नाय म्हणायचीसुद्धा सोय नाही तुम्हाला."

मास्तरांची जीभ आपसूक हलणाऱ्या दातांकडे गेली.

तिसरं उघडलं आणि मेहुण्याचा चेहरा उजळला. पडद्यावर चौकटीच चौकटी, विटांचं बांधकाम असावं तशा. त्यानं चार विटा रंगवल्या, बटण दाबलं, आणि खोलीत क्लॅरिनेट वाजली. सूर गुळगुळीत, धुतल्यासारखा. मास्तरांनी आधी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

"यात क्लॅरिनेट आहे?"

"क्लॅरिनेट आहे, ट्रंपेट आहे, ढोल आहे, झांजा आहेत. अख्खं वऱ्हाड आहे आत. कुणाला चहा द्यायला नको की गाडीभाडं नको."

"मग मी कशाला?"

"तेच तर, दाजी," मेहुणा हसला.

दाराच्या चौकटीपाशी धाकटा सरळ उभा राहिला. "हेपण फुकट?"

"पूर्ण फुकट. बाई नाही, बंदी नाही."

"बंद कर ते," मास्तर म्हणाले. "घरात सवत नको."

बायको हात पुसतच परत आत गेली.

चौथं करड्या रंगाचं होतं, सरकारी कचेरीच्या भिंतीसारखं. त्यात वाद्य नाही, विटा नाहीत. जे भराल ते एका लांब रेघेसारखं दिसायचं, मोठ्यानं वाजवलं तिथं रेघ फुगलेली, हळू तिथं बारीक. फुगा धरायचा, कापायचा, टाकायचा. कात्री आणि सुई, बस. मास्तरांना ते पटलं. आपलंच गाणं, आपणच शिवायचं. "हेच," ते म्हणाले, आणि बैल ठरवल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारावी तशी कंप्युटरच्या डोक्यावर थाप मारली.

मग मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं. झोपायच्या खोलीच्या दाराला गादी लावली, खिडकीला दुसरी. मिक्सर बंद, टीव्ही बंद, नळ बंद. शेजारचं कुत्रं भुंकलं की गाणं पहिल्यापासून. बायको दोन गाद्यांच्या पलीकडे बसून राहायची आणि आतून वाजणं थांबलं की कप घेऊन जायची. कपात कोमट मिठाचं पाणी. मास्तर चूळ भरायचे ती गुलाबी यायची. वाद्याच्या तोंडावर रक्त दिसायचं, ते रुमालानं पुसायचे आणि पुढचं गाणं.

"एवढं काय अडलंय हो?" ती एकदा म्हणाली.

"जागा अडलीय," मास्तर म्हणाले.

लग्नाची झाली, मयतीची झाली, शाळेच्या संचलनाची झाली. शेवटचं गाणं भरून झालं, आणि मास्तर स्वतःच्या पायानं डॉक्टरकडे गेले. दात कागदात गुंडाळून देऊ का म्हणून डॉक्टरनं विचारलं. मास्तर नको म्हणाले.

आता झाडायचं काम उरलं. मास्तर कानाला हेडफोनचे दोन डबे लावून कंप्युटरसमोर बसले आणि रेघ मोठी करून बघू लागले. तेव्हा त्यांना ती दिसली. प्रत्येक ओळीच्या आधी, डोंगराच्या पायथ्याशी वारूळ असावं तशी एक बारीक फुगोटी. लावून ऐकलं. सूंऽ. त्यांचाच श्वास.

मास्तरांचे कान गरम झाले. पोरवयात ज्यांच्याकडे शिकले ते उस्ताद सगळ्यांसमोर म्हणायचे, "तुझा श्वास ऐकला की वाटतं म्हैस डबक्यातनं उठली." ते बोलणं काट्यासारखं आत राहून गेलं होतं. आयुष्यभर तो श्वास काही गेला नाही. आता मात्र तो समोर दिसत होता, धरता येत होता, आणि कापायचं बटण बोटाखाली होतं. मास्तरांनी पहिली फुगोटी धरली आणि उडवली. मागची रेघ पुढे सरकून भोक बुजलं, जणू तिथं कधी काही नव्हतंच. गोधडीतल्या उवा माराव्या तशा त्यांनी एकेका गाण्यातल्या फुगोट्या वेचून मारल्या. पुढे खिंडार पडलेल्या तोंडानं स्वतःशीच हसत होते.

सगळं झाल्यावर बायकोला बोलावून ऐकवलं. ती पदर खोचून उभी राहून ऐकत होती.

"कसं आहे?"

"छान आहे. पण धाप नाही का लागत या माणसाला?"

मास्तर खूश झाले. त्यांना ती पावतीच वाटली.

कंप्युटर भरत आला होता. मेहुण्यानं फोनवर सांगितलं, "जुनं जे नको असेल ते टोपलीत टाका आणि टोपली रिकामी करा, दाजी. हलका होतो." मास्तरांनी श्वासासकटची सगळी जुनी गाणी टोपलीत टाकली, आणि टोपली रिकामी केली.

तालीम घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. तीस वर्षं तीच गाणी. झोपेतून उठवलं तरी वाजवतील, तालीम कशाची करायची? पहिलं काम आलं ते एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाचं. रस्त्याच्या कडेला मांडव, दारात फुलांची कमान, आत प्लास्टिकच्या कागदासकट मांडलेले सोफे. धाकट्यानं भाड्यानं आणलेला स्पीकर मधोमध ठेवला, मास्तरांचा जिथं उभं राहायचा शिरस्ता होता बरोबर तिथं. मास्तर त्याच्या शेजारी.

"दादा, हातात वाद्य धर," धाकटा हळूच म्हणाला. "तोंडाला लावून उभा राहा नुसता. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

मास्तरांनी धरलं. ओठात धरलं तेव्हा वरचं टोक नुसत्या हिरडीला लागलं.

धाकट्यानं बटण दाबलं. स्पीकरमधून क्लॅरिनेट सुरू झाली, आणि मागे कुणीच सुरू झालं नाही. ओळ अर्धी गेली तेव्हा साडूंचा ढोल पडला. भोंग्यानं एक डोळा उघडला. तोवर दुसरी ओळ आली, आणि ती अशी लगेच आली की उंबऱ्याला पाय अडकून पडावं तसे सगळे तिच्यावर पडले. झांजा मागे, ट्रंपेट भलतीकडे, ताशा एकटाच वेड्यासारखा पळतोय. पेटीतली क्लॅरिनेट कुणासाठी थांबत नव्हती. सगळे मास्तरांकडे बघत होते. मास्तर वाद्य तोंडाला लावून, गाल फुगवून, दगडासारखे उभे.

कमानीपाशी पोरं हसायला लागली. एका पाहुण्यानं मोबाइल काढला. दुकानाचा मालक लगबगीनं आला आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एक काम करा. नुसती पेटीच राहू द्या. ती छान वाजतेय."

धाकट्यानं ताशाच्या काड्या काखेत धरल्या. नुसती पेटी वाजली. फीत कापली, टाळ्या झाल्या, पेढ्यांची बॉक्सं फिरली. धाकटा सगळा वेळ त्या स्पीकरकडेच बघत होता.

दुकानाच्या मागे, सोफ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर बसून पाचही जण चहा प्यायले. शेवटी झांजवाला साडू म्हणाला, "मास्तर, तुम्ही श्वासच घेतला नाहीत."

"कसला श्वास?"

"गाण्याआधी घेता तो. सूं करून. खांदा वर जातो तुमचा."

"त्याच्यावरच तर मी पडतो," भोंगा म्हणाला आणि स्वतःच चमकला. "म्हणजे… आत्ता कळतंय. मला वाटायचं मी मनात मोजतो."

"मीपण," ढोलवाला साडू म्हणाला. कित्येक वर्षांत तो आपल्या साडूकडे बघून पहिल्यांदा बोलला. "तुला माहीत होतं?"

"मला कुठं माहीत होतं? आज नव्हता म्हणून कळलं."

मास्तरांच्या हातातला चहा तसाच निवला. तीस वर्षं पाच माणसं ज्या दोरीला धरून चालली होती ती दोरी त्यांनीच वेचून वेचून तोडली होती. वर तोडलेली जागाही ठेवली नव्हती. श्वासाबरोबर श्वासाएवढा वेळही गेला होता, पुढची ओळ मागचीच्या टाचेवर पाय देत होती. ते धाकट्याला म्हणाले, "मी परत घालतो."

"कसा घालणार? दात कुठायत?"

"श्वासाला दात लागत नाहीत."

धाकट्यानं मान हलवली. होय की नाही, ते काही कळलं नाही.

दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात नाहीत, अशी गत. तरी मास्तर बसले. माईकसमोर उभं राहून त्यांनी नुसते श्वास भरले. मोठ्या गाण्यांचे मोठे, मयतीच्या गाण्यांचे जड. पुढच्या खिंडारामुळे त्यात थोडी शिट्टी यायची. मग प्रत्येक ओळ कापून, सरकवून, श्वासाएवढी जागा करून तिथं एकेक बसवला. मारलेली ऊ परत गोधडीत ठेवण्यासारखं काम. बायको आता गाद्या न लावताच मिक्सर बंद ठेवायची.

काम संपलं त्या दुपारी मास्तर सगळं एका पेन ड्राइव्हवर घेऊन धाकट्याकडे गेले. धाकटा नव्या लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर चौकटी, विटा. मास्तरांना ओळखायला वेळ लागला नाही.

"हे तर मी नको म्हटलेलं."

"तू नको म्हटलंस, दादा. मी नव्हतं म्हटलं."

धाकट्यानं बटण दाबलं. त्यांचंच लग्नातलं गाणं. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ढोल, झांजा, सगळे एका वेळी पडत होते, मोजून मापून, कुणी कुणाकडे न बघता.

"बरं आहे की नाही? पुढच्या लग्नसराईची बोलणी झालीसुद्धा. स्पीकर आणि मी. लोकांना तेच पाहिजे."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना मी सांगितलं."

"मी श्वास घातलेत," मास्तरांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. "आता चुकणार नाहीत ते."

धाकट्यानं तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "दादा, आता ताल मोजणारी टिकटिक आहे आत. श्वास कुणाला लागत नाही. आणि माझ्यावर डोळे काढू नकोस. पेटीतून वाजवायचं तूच काढलंस. आपली एक जागा वाचवायला निघालास, मी तेच जरा पुढं नेलं."

मास्तरांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला. धाकट्याच्या बायकोनं चहा विचारला. नको म्हणून ते निघाले.

आठवड्याभरानं भोंगा घरी आला. ट्रंपेटची पेटी हातात. बसायला सांगितलं तरी उभाच.

"तुमच्या घरातनं निघालं हे, मास्तर," तो म्हणाला. "दुसरा क्लॅरिनेटवाला आणला असतात तर तुमची जागा गेली असती. आमची चार राहिली असती."

मास्तरांची बायको दारात आली. तिला वाटलं, नवरा काहीतरी बोलेल. मास्तर म्हणाले, "खरं आहे."

मग थोडं थांबून, "ऐकशील एकदा?"

भोंगा नाही म्हणणार होता, पण मास्तरांनी कंप्युटर चालू केलासुद्धा. सूंऽ, जराशी शिट्टी मिसळलेली. भोंग्याचा हात आपसूक पेटीच्या कड्यांकडे गेला. पहिली ओळ हुकली, पण दुसऱ्या श्वासाला ट्रंपेट तोंडाला होतं आणि डोळे मिटलेले होते. तो बरोबर पडला. तिसऱ्यालाही बरोबर. गाणं संपेपर्यंत एकदाही चुकला नाही. शेजारचं कुत्रं भुंकत राहिलं, कुणी त्याला गप्प केलं नाही.

भोंग्यानं तोंड पुसलं. "जमतंय," तो म्हणाला. "चांगलं जमतंय."

"मग?"

"मग काय? गोदामाच्या फाटकावर रखवालदाराची जागा आहे. उद्यापासून जातो." त्यानं ट्रंपेट पेटीत ठेवलं, कड्या लावल्या. "हे तुमच्याकडेच ठेवतो. घरात डोळ्यांसमोर नको."

तो दाराबाहेर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधू लागला. आत मास्तरांनी काही बंद केलं नव्हतं, आणि कंप्युटर आपला पुढच्या गाण्यावर गेला. मयतीचं गाणं. सूंऽ, लांब आणि जड.

पायरीवर भोंग्याचा खांदा वर उचलला गेला. मग त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी ओढून गाठ मारली.